डोकी मोजणारा माणूस

१९०८ सालची गोष्ट. न्यूयॉर्कच्या पूर्व भागात युरोपातून आलेल्या गोरगरिबांची दाट वस्ती होती. तिथल्या शाळांतून आणि बिऱ्हाडांतून काही माणसे हातात कॅलिपर घेऊन हिंडू लागली. ती मुलांची आणि मोठ्यांची डोकी मोजत. कपाळापासून मागच्या उंचवट्यापर्यंतची लांबी, कानांच्या वर एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंतची रुंदी, अंगाची उंची, केसांचा रंग, सारे कागदावर उतरवले जाई. जन्म कुठला आणि आईबाप अमेरिकेत कोणत्या साली उतरले, हेही विचारले जाई. सिसिलीहून आलेला मजूर असो की रशियातून पळून आलेला ज्यू शिंपी, सरकारी माणूस आपल्या पोराचे डोके का मोजतो आहे, हे कोडे त्याला पडले असेलच.

हा उद्योग चालवत होते कोलंबिया विद्यापीठातले मानवशास्त्राचे प्राध्यापक फ्रान्झ बोआस. ते स्वतःही बोटीतून उतरलेलेच. जन्माने जर्मन, धर्माने ज्यू, इंग्रजी उच्चार शेवटपर्यंत जर्मन वळणाचे.

त्या काळी डोक्याच्या मापाला फार मान होता. रुंदीला लांबीने भागायचे, शंभराने गुणायचे आणि येणाऱ्या आकड्यावरून वंश ठरवायचा. केसांचा रंग फसवतो, उंची खाण्यापिण्यावर अवलंबून असते, पण कवटी पिढ्यान् पिढ्या तशीच राहते, असा पंडितांचा विश्वास होता. त्या आधारावर विल्यम रिप्ले यांनी १८९९ साली अख्ख्या युरोपचे तीन वंश पाडून दाखवले होते. आपल्याकडेही हे वारे आले होते. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी डोक्यापेक्षा नाकावर भर दिला आणि नाकाची रुंदी जितकी कमी तितकी जात वरची, असा हिशेब मांडला. आज हसू येते. तेव्हा मात्र हे शास्त्र होते आणि सरकारी दप्तरात बसलेले शास्त्र होते.

बोआस यांचा जन्म ९ जुलै १८५८ रोजी वेस्टफालियातल्या मिंडेन गावी झाला. घरात १८४८ च्या क्रांतीचे वारे मुरलेले. मावशीचे यजमान अब्राहम जेकोबी त्या धामधुमीत तुरुंगात गेले आणि पुढे न्यूयॉर्कला जाऊन बालरोगांचे नामांकित डॉक्टर झाले. बोआस यांनी कील विद्यापीठातून १८८१ मध्ये डॉक्टरेट घेतली ती पदार्थविज्ञानात, पाण्याच्या रंगावर. त्यांच्या चेहऱ्यावर तलवारीचे वण होते. विद्यार्थिदशेत ज्यूंची टवाळी करणाऱ्यांशी झालेल्या द्वंद्वांची ती खूण, असे सांगतात.

१८८३ साली हा तरुण उत्तर ध्रुवाजवळच्या बॅफिन बेटावर गेला तो नकाशे काढायला. वर्षभर इन्युइट लोकांत राहिला, त्यांच्या बर्फाच्या घरांत झोपला, कच्चे मांस खाल्ले. ज्यांना आपण रानटी म्हणतो त्यांच्या आदरातिथ्यापुढे आपली सुधारलेली माणसे फिकी पडतात, असे त्याने होणाऱ्या पत्नीसाठी लिहिलेल्या रोजनिशीत नोंदवून ठेवले. भूगोल मागे पडला, माणूस पुढे आला. १८८७ मध्ये ते अमेरिकेत स्थायिक झाले, १८९६ मध्ये न्यूयॉर्कच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात लागले आणि १८९९ मध्ये कोलंबियात प्राध्यापक झाले.

त्यांच्या चरित्रातले एक पान मात्र झाकून चालणार नाही. ब्रिटिश कोलंबियात त्यांनी आदिवासींच्या थडग्यांतून कवट्या उकरल्या आणि संग्रहालयांना विकल्या. काम ओंगळ आहे हे त्यांना कळत होते, तरी केले. १८९७ मध्ये एखादा इन्युइट माणूस न्यूयॉर्कला आणता आला तर पाहा, असे त्यांनी ध्रुवप्रवासी पिअरी यांना सुचवले होते. पिअरी यांनी सहा जण आणले. काही महिन्यांत चौघे क्षयासारख्या आजाराने गेले. त्यांतल्या किसुक नावाच्या माणसाचा मिनिक हा छोटा मुलगा मागे राहिला. त्याच्या समाधानासाठी संग्रहालयाच्या आवारात खोटे दफन करण्यात आले. कातड्यात गुंडाळलेला लाकडाचा ओंडका पुरला आणि बापाचा सांगाडा संग्रहात ठेवला. बोआस यांनी पुढे या प्रकाराचे समर्थनच केले. त्या चौघांच्या अस्थी ग्रीनलंडला परत गेल्या त्या १९९३ साली. माणसांना मोजता मोजता समोर माणूस आहे याचा विसर पडतो, आणि तो बोआस यांनाही पडला होता.

तरीही वंशाच्या भ्रमाला जी पहिली मोठी भेग पडली ती त्यांच्याच हातून. १९०६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्या निमंत्रणावरून ते अटलांटा विद्यापीठात गेले. समोर काळे विद्यार्थी. बोआस यांनी त्यांना आफ्रिकेतली जुनी राज्ये, तिथली लोखंड गाळण्याची विद्या, बाजारपेठा यांविषयी सांगितले. डुबॉइस स्वतः मोठे विद्वान, पण हा इतिहास आपल्यालाही कुणी शिकवला नव्हता, हे ऐकून ते थक्क झाले. अर्थात काळ्या माणसाचा मेंदू सरासरीने किंचित लहान असावा, हे सुरुवातीच्या लेखनात बोआस यांनीही मान्य करून टाकले होते. एकेक गाठ सोडवायला त्यांना वेळ लागला.

१९०७ मध्ये अमेरिकी संसदेने स्थलांतराच्या चौकशीसाठी सिनेटर डिलिंगहॅम यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. इटली, पोलंड, रशिया इकडून येणारे लोंढे देशाचा वंश बिघडवतील, ही भीती हवेत होती. बोआस यांनी आयोगाकडे मोजणीचे काम मागून घेतले. १७,८२१ माणसे मोजली गेली. निष्कर्ष असा, की अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची डोकी आईबापांच्या डोक्यांहून वेगळी होती. पूर्व युरोपातल्या ज्यूंची डोकी गोल, आकडा ८३ च्या आसपास. त्यांची अमेरिकेत जन्मलेली मुले ८१ च्या जवळ. सिसिलीकरांची डोकी लांबट, आकडा ७८ च्या आसपास, आणि त्यांची मुले ८० कडे झुकलेली. एकाच आईबापांची दोन भावंडे घ्या, एक तिकडे जन्मलेले, एक इकडे. त्यांच्यातही हा फरक दिसे. आई अमेरिकेत येऊन जितकी जास्त वर्षे झालेली, तितका तो अधिक.

फरक दोन-तीन आकड्यांचा. पण जे मुळीच बदलत नाही म्हणून वंशाचा पाया मानले होते, ते बोटीतून उतरल्यावर एका पिढीत हलले होते. कारण काय, पाळणा की अन्न की आणखी काही, हे बोआस यांनी छातीठोकपणे सांगितले नाही. त्यांच्यावर टीका झाली तेव्हा त्यांनी जे केले ते मला सर्वांत मोठे वाटते. १९२८ साली त्यांनी हजारो माणसांची मूळ मापेच पुस्तकरूपाने छापून टाकली, ज्याला शंका असेल त्याने स्वतः हिशेब करावा म्हणून. २००२ आणि २००३ मध्ये अमेरिकी अभ्यासकांनी संगणकावर ते आकडे पुन्हा चालवले. एका गटाने बदल क्षुल्लक ठरवला, दुसऱ्याने बोआस मूलतः बरोबर असल्याचे दाखवले. दोघेही भांडले ते त्यांनीच दिलेल्या आकड्यांवर.

आयोगाचा अहवाल १९११ मध्ये चाळीसहून अधिक खंडांत आला. बोआस यांचा खंड त्यात होता, आणि आयोगाने त्याकडे पाठ फिरवून दारे आवळण्याचीच शिफारस केली. १९१७ मध्ये साक्षरतेची अट आली आणि हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागाला बंदी झाली. मॅडिसन ग्रँट या धनिक वकिलाचे उत्तरेकडच्या थोर वंशाच्या ऱ्हासावरचे पुस्तक १९१६ मध्ये निघाले होते, आणि ऐकले गेले ते त्याचेच. १९२४ च्या कायद्याने १८९० ची, म्हणजे इटालियन आणि ज्यू फारसे आलेले नव्हते तेव्हाची, जनगणना धरून प्रत्येक देशाचा वाटा ठरवला. शतकाच्या पहिल्या दशकात इटलीहून वीस लाख माणसे आली होती. आता वर्षाला ३,८४५. त्याआधी १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद या पंजाबी माणसाचे नागरिकत्व नाकारले होते. अमेरिकी सैन्यात नोकरी केलेल्या थिंद यांनी आपण उच्चवर्णीय आर्य, म्हणून गोरे, असा दावा केला होता. न्यायालयाने शास्त्राचे वंश बाजूला सारले आणि सामान्य माणूस कोणाला गोरा म्हणतो ते प्रमाण मानले.

बोआस यांची खरी ताकद वर्गात होती. रूथ बेनेडिक्ट, मार्गारेट मीड ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. झोरा नील हर्स्टन ही काळी लेखिका त्यांच्यासाठी १९२६ मध्ये हार्लेमच्या रस्त्यावर कॅलिपर घेऊन उभी राहिली. त्यांच्या आणखी एका विद्यार्थ्याचे नाव आपल्या इतिहासात आले आहे. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या कोलंबियातल्या मानवशास्त्राच्या वर्गात ९ मे १९१६ रोजी एका भारतीय विद्यार्थ्याने जातिसंस्थेच्या उगमावर निबंध वाचला. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढे १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात बाबासाहेबांनी घुर्ये यांनी दिलेली नाकाची मापे घेऊनच दाखवले, की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. रिस्ले यांची पट्टी रिस्ले यांच्यावरच उलटली.

याच सुमारास, १९२० च्या दशकाच्या अखेरीस, इरावती कर्वे बर्लिनला युजेन फिशर यांच्या संस्थेत कवट्या मोजत होत्या. युरोपीय कवटीची असमान ठेवण श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे, असे फिशर यांना वाटे. इरावतीबाईंनी १४९ कवट्या तपासल्या आणि वंशाचा या असमानतेशी संबंध दिसत नाही, असे गुरूच्या तोंडावर लिहून दिले. फिशर पुढे नाझी राजवटीच्या वंशशास्त्राचे आधारस्तंभ झाले.

बोआस यांची अखेरची वर्षे कठीण गेली. १९१९ मध्ये, संशोधनाच्या आडून हेरगिरी करणाऱ्या शास्त्रज्ञांवर जाहीर टीका केली म्हणून त्यांच्याच संघटनेने त्यांचा निषेध केला. तो ठराव रद्द झाला २००५ साली. १९२४ मध्ये मुलगी, १९२५ मध्ये मुलगा आणि १९२९ मध्ये मोटार अपघातात पत्नी गेली. १९३३ मध्ये जर्मनीत त्यांची पुस्तके जाळली गेली. पंचाहत्तरी गाठलेला हा म्हातारा तिकडून निसटलेल्या विद्वानांना नोकऱ्या मिळवून देण्यासाठी पत्रे लिहीत बसे.

२१ डिसेंबर १९४२ रोजी कोलंबियात पॉल रिव्हे या फ्रेंच मानवशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ भोजन होते. रिव्हेही नाझींच्या तावडीतून सुटून आलेले. जेवताना वंशवादाचा विषय निघाला, बोआस बोलता बोलता मागे कलंडले आणि गेले. टेबलाशी बसलेल्यांत तरुण लेव्ही-स्ट्रॉस होते, तेही निर्वासितच.

तेव्हा १९२४ चा कायदा जागेवर होता. १९४६ मध्ये भारतीयांसाठी वर्षाला शंभर जागा मोकळ्या झाल्या. देशवार वाट्याची ती पद्धत गेली १९६५ साली, आणि आपल्याकडचे डॉक्टर, इंजिनिअर मोठ्या संख्येने न्यू जर्सीच्या वाटेला लागले ते त्यानंतर.