महादजी शिंद्यांचा गुडघा आणि पायात परतलेले रक्त

वसईकरांना राणोजी शिंदे हे नाव परके नसेल. १७३९ च्या वसई मोहिमेत ते चिमाजी अप्पांबरोबर होते. महादजी त्यांचेच पुत्र. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपताहून माघार घेताना पाठलागावरच्या एका अफगाण स्वाराने महादजींच्या गुडघ्यावर वार केला. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना बैलावर घालून वाचवले. पाय राहिला, पण लंगडेपण जन्मभराचे.

गुडघ्यामागे, हाडाला लगटून, खालच्या पायाची मुख्य धमनी जाते. महादजींची ती शाबूत राहिली असावी, असे मला वाटते. ती तुटली असती, तर त्या काळात पाय गेलाच असता, बहुधा जीवही.

आज फाटलेली धमनी जोडता येते. पाय पुन्हा गरम लागला की नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात. आम्ही डॉक्टर मात्र तेव्हाच जास्त सावध होतो. सुमारे सहा तास रक्ताविना राहिलेल्या स्नायूंत रक्त परतले की ते सुजतात. पोटरीचे स्नायू ताठ आवरणात बंद असतात. सुजेला जागा मिळत नाही, आतला दाब वाढतो आणि स्नायूंचे रक्त पुन्हा अडते. औषधाने न थांबणारी, पायाची बोटे ताणल्यावर वाढणारी कळ आली किंवा पाय बधिर झाला, तर लगेच नर्सला सांगा. नाडी लागते म्हणून थांबू नका. सर्जन आवरण चिरून दाब मोकळा करतात. ती उघडी जखम पाहून घाबरायला होते, पण पाय त्यानेच वाचतो.

मेलेल्या स्नायूंतले पोटॅशियम रक्तात येऊन हृदयाची लय बिघडवू शकते. लघवी काळ्या चहासारखी दिसली, तर मूत्रपिंडांवर ताण आला आहे असे समजा. काहींना डायलिसिस लागते.

महामार्गावर दुचाकीवरून पडून निखळलेला गुडघा कधी आपोआप जागेवर बसतो. तरी घरी जाऊ नका. धमनी तपासून घ्या.

महादजींनी त्याच अधू पायाने पुढची तेहेतीस वर्षे काढली. १७७१ मध्ये दिल्ली ताब्यात घेऊन त्यांनी शाह आलमला गादीवर परत आणले, १७८२ मध्ये सालबाईचा तह घडवला. राणेखानाला त्यांनी भाऊ मानले, फौजही सोपवली. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला ते गेले. त्यांची छत्री तिथेच आहे.