गीता ३.३३ : दादासाहेब फाळक्यांचा स्वभाव

आजचा श्लोक तिसऱ्या अध्यायातला ३३वा. ज्ञानी माणूससुद्धा आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतो, नुसतं दाबून काही होत नाही, असं भगवंत इथे सांगतात. ऑफिसात एचआरवाले पर्सनॅलिटी टेस्ट घेतात, त्यांचा विषय हाच की! मला मात्र इथे आपल्या नाशिकचे दादासाहेब फाळके आठवतात.

जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला, बडोद्याचं कलाभवन, फोटोग्राफी, मग छपाईचा धंदा. तिथे भागीदारांशी पटलं नाही, सोडून दिला. वय चाळिशीचं, घरात मुलंबाळं. अशात मुंबईत येशू ख्रिस्तावरचा मूकपट पाहिला आणि पडद्यावर त्यांना आपले राम-कृष्ण दिसायला लागले. झालं! सिनेमे पाहून पाहून डोळे अधू झाले, विम्याची पॉलिसी गहाण पडली, १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला. पैसे लावणाऱ्याला पटावं म्हणून वाटाण्याचं रोप उगवताना रोज थोडं थोडं चित्रित केलं. तारामतीसाठी बाई मिळेना, तर खानावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंकेंना साडी नेसवली. सरस्वतीबाई सगळ्या युनिटचा स्वयंपाक सांभाळून फिल्मला भोकं पाडायच्या. (श्रेय देताना आपण त्यांना विसरतो.) ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

मग ते नाशिकला आले. ‘लंकादहन’ (१९१७) तुफान चालला आणि भागीदार घेऊन हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. ‘कालिया मर्दन’मध्ये तर त्यांची छोटी मुलगी मंदाकिनीच कृष्ण झाली. पण भागीदारांना खर्चाचा हिशोब हवा होता आणि फाळक्यांना कामात कुणाची ढवळाढवळ खपत नव्हती. मला तरी हिशोब मागणारे खलनायक वाटत नाहीत. राजीनामा देऊन फाळके काशीला गेले, तिथे ‘रंगभूमी’ नाटक लिहिलं. पुढे कंपनीत परतलेही, पण ते आधीचे दिवस काही आले नाहीत. १९३७ साली ‘गंगावतरण’ हा बोलपट केला, तोच शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्येच गेले, हलाखीत.

पॉलिसी गहाण टाकणारा हट्ट आणि राजीनामा देणारा हट्ट, दोन्ही एकाच माणसाचे. एक ठेवून दुसरा काढता आला असता का? ३४व्या श्लोकात भगवंत राग-द्वेषांच्या ताब्यात जाऊ नकोस म्हणतात. तो उद्या वाचू.