एलिझाबेथ ह्यूजच्या ४२ हजार सुया

यंदाच्या अंकासाठी एखाद्या दिवंगत व्यक्तीचे चरित्र लिहून आणा, असे सरांनी सांगितले तेव्हा मैत्रिणींनी सावित्रीबाई फुले, बहिणाबाई चौधरी, सानेगुरुजी ही नावे भराभर वाटून घेतली. मी एलिझाबेथ ह्यूज हे नाव सांगितले. ही कोण, असे सरांनी विचारले आणि मला चारचौघांत उत्तर देता आले नाही. नाव ठाऊक नव्हते म्हणून नव्हे. उत्तर देताना स्वतःबद्दलही बोलावे लागले असते म्हणून.

तेव्हा आधी स्वतःबद्दल सांगून टाकते. मला अकराव्या वर्षी मधुमेह झाला. केळीच्या बागांनी वेढलेल्या यावलमध्ये राहून मी अर्धे केळे मोजून खाते. मधुमेह म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर पोट सुटलेले, पन्नाशीचे गृहस्थ येतात. लहान मुलांचा मधुमेह वेगळा. यात शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. इन्सुलिनवाचून रक्तातली साखर पेशींत शिरत नाही. माणूस जेवतो आणि उपाशी राहतो. लघवीला मुंग्या लागतात ही खूण आपल्या जुन्या वैद्यांनी केव्हाच हेरली होती; मधुमेह हे नावही त्यांचेच. पण उपाय त्यांच्याकडे नव्हता आणि १९२२ पर्यंत जगात कोणाकडेच नव्हता. एलिझाबेथची कहाणी त्या सालाच्या दोन्ही बाजूंना पसरलेली आहे.

तिचा जन्म १९०७ साली अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी येथे झाला. वडील चार्ल्स इव्हान्स ह्यूज त्या वेळी राज्याचे गव्हर्नर होते. १९१६ साली ते राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक थोडक्यात हरले, १९२१ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले आणि पुढे सरन्यायाधीशपदापर्यंत पोहोचले. घरात कशाची वाण नव्हती. पण १९१९ साली, अकराव्या वर्षी, एलिझाबेथला मधुमेहाचे निदान झाले आणि पैसा, पद सारे लुळे पडले. पुढच्याच वर्षी तिची थोरली बहीण हेलन क्षयाने गेली. एका लेकीला पोचवून आलेल्या त्या आईने दुसरीला रोज वाळताना पाहिले.

त्या काळी डॉ. फ्रेडरिक ॲलन यांची उपासाची पद्धत नावाजलेली होती. शरीराला साखर पचत नाही, तर अन्नच इतके कमी द्यायचे की साखर वाढू नये. भाज्या तीन-तीन वेळा उकळून, पाणी ओतून, त्यातला पिष्टमय अंश काढून टाकलेला चोथा रुग्णाला द्यायचे. सगळे काट्यावर तोलून. एलिझाबेथच्या वाट्याला कित्येक दिवस जेमतेम चारपाचशे उष्मांक येत. आपल्याकडे एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन उपास करणाऱ्यांनी हा उपास डोळ्यांसमोर आणून पाहावा. आणि तो तीन वर्षे चालला! ॲलनसाहेबांना निर्दय म्हणणारे तेव्हाही होते. मला तसे म्हणवत नाही. त्यांना रोग बरा करता येत नव्हता, फक्त वेळ विकत घेता येत होता, आणि त्या वेळातच टोरँटोत औषध सापडले.

कॅनडातल्या टोरँटो विद्यापीठात, प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत, फ्रेडरिक बँटिंग हा तरुण शल्यचिकित्सक आणि चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी १९२१ च्या उन्हाळ्यात कुत्र्यांच्या स्वादुपिंडाचा अर्क काढण्याच्या खटपटीत होते. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले, ते फसले. जेम्स कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध केला, आणि २३ जानेवारीपासून दिलेल्या मात्रांनी मुलाची साखर उतरली. (लिओनार्ड पुढे १३ वर्षे जगला. १९३५ साली न्यूमोनियाने गेला.) बँटिंग आणि मॅक्लाउड यांना १९२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पेटंटाचे हक्क संशोधकांनी विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. दर महिन्याला औषधाच्या दुकानात बिल चुकते करताना मला त्या एका डॉलरची आठवण होते.

ही बातमी ह्यूज कुटुंबापर्यंत पोहोचली. आईने बँटिंगना पत्र लिहिले. औषध पुरेसे तयार होत नव्हते, म्हणून बँटिंगनी आधी नकार कळवला आणि काही आठवड्यांनी होकार. मधल्या काळात काय घडले, परराष्ट्रमंत्र्यांच्या नावाचे वजन पडले की काय, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. त्याच महिन्यांत कितीतरी मुले वाट पाहत गेली असतील, त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. पण यात त्या पोरीचा काय दोष?

ऑगस्ट १९२२ च्या मध्यास एलिझाबेथ टोरँटोला पोहोचली तेव्हा तिचे वजन ४५ पौंड, म्हणजे सुमारे २० किलो होते. आपल्याकडे पहिलीदुसरीतल्या मुलाचे असते तेवढे. काही दिवसांत तिला पंधरा वर्षे पूर्ण व्हायची होती. बँटिंगनी इन्सुलिन सुरू केले आणि एकदोन आठवड्यांतच तिच्या ताटात दोन हजारांहून अधिक उष्मांक वाढले जाऊ लागले. कित्येक वर्षांनी तिने पाव खाल्ला, बटाटा खाल्ला. सुख फुकटचे नव्हते. तेव्हाचे इन्सुलिन गुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेले, अशुद्ध. मात्रा मोठी, सुई जाड, टोचलेली जागा सुजून दुखायची. तरी वर्ष संपण्यापूर्वी ती घरी परतली ती धडधाकट मुलगी होऊन.

बहुतेक पुस्तके या चमत्कारापाशी थांबतात. मला ओढ लागली ती पुढच्या ५८ वर्षांची. मरणातून वाचलेली माणसे पुढे काय करतात? एलिझाबेथ १९२९ साली न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयातून पदवीधर झाली. १९३० साली विल्यम गॉसेट या वकिलाशी तिचे लग्न झाले. तीन मुले झाली. एलिझाबेथबाई संसार, प्रवास, समाजकार्य यांत गढून गेल्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा इतिहास जपणाऱ्या संस्थेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता आणि तिचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले.

त्यांच्या देखत उपचार बदलत गेले. आरंभी काचेची सिरिंज उकळायची, सुई दगडावर घासून धार लावायची. लघवी निळ्या द्रावणात घालून तापवायची. निळे राहिले तर ठीक, हिरवे झाले तर बेत, विटकरी झाले तर धडगत नाही. १९३६ साली डेन्मार्कच्या हागेडॉर्न यांनी सावकाश उतरणारे इन्सुलिन काढले, १९४६ च्या सुमारास त्याची सुधारलेली जात आली. फेकून देता येणाऱ्या सुया आल्या. १९८० च्या आसपास बोटाच्या थेंबावरून साखर सांगणारे यंत्र घरोघर येऊ लागले. जिवाणूंकरवी तयार केलेले मानवी इन्सुलिन १९८२ साली बाजारात आले, तेव्हा मात्र बाई नव्हत्या. १९८१ साली, ७३ व्या वर्षी त्या वारल्या. दिवसाला दोन इंजेक्शने धरली तर हिशेब ४२ हजारांच्या घरात जातो. माझी दिवसाला चार आहेत. नऊ वर्षांत १३ हजार झाली.

आता मला खटकणारी गोष्ट. एवढे आयुष्य जगून बाईंनी आपला आजार जन्मभर लपवला. नवऱ्याला सांगितला, आणखी अगदी मोजक्या माणसांना. वडिलांच्या कागदपत्रांतले स्वतःच्या आजाराचे उल्लेखही त्यांनी काढून टाकवले. इन्सुलिनच्या शोधाचा इतिहास लिहिणारे मायकेल ब्लिस १९८० साली त्यांच्यापर्यंत पोहोचले, तेव्हा ती टोरँटोची उपाशी मुलगी अजून हयात आहे याचे त्यांनाच नवल वाटले.

हे वाचून मी आधी रागावले. जगातल्या हजारो आयांना जिचे नाव ऐकून धीर आला असता, तिने गप्प का बसावे? मग आमच्या घराकडे पाहिले. यावलच्या उन्हाळ्यात पारा ४४ च्या वर जातो आणि वीजही जाते, म्हणून आजीने माझ्या इन्सुलिनसाठी दोन मडकी केली आहेत. मोठ्यात ओली वाळू, वाळूत लहान मडके, वर ओले फडके. पाहुणे आले की ती दोन्ही मडकी न्हाणीघरात जातात. मुलीची जात, उद्या स्थळे येतील, हे घरात कोणी बोलून दाखवत नाही. मडकी हलवली की मला कळते.

गेल्या हिवाळ्यात शिबिरासाठी आम्ही सातपुड्याच्या पायथ्याशी गेलो होतो. श्रमदान करताना माझी साखर उतरली. हात थरथरले, जीभ जड झाली, मी बसले ती आडवीच झाले. कोणी म्हणाले ऊन लागले, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. माझ्या पिशवीत ग्लुकोजची पुडी होती. ती कशासाठी आहे हे माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हते. एका मैत्रिणीने सहज गुळाचे पाणी पाजले म्हणून आज लिहिते आहे. बाईंना न्यूमोनिया, अपघात, बाळंतपण, काय काय झाले असेल तेव्हा शेजारी माहितगार माणूस होते का, हा प्रश्न मला त्या रात्री पडला. शिबिरातून परतल्यावर मी त्या मैत्रिणीला यंत्र, पट्ट्या, सुई सगळे दाखवले. बोट टोचून तिचीही साखर पाहिली. ९२ भरली.

लेखाचा कच्चा खर्डा मी घरी वाचून दाखवला. आई काही बोलली नाही. आजी गोधडीला टाके घालत ऐकत होती. तिने बँटिंगबद्दल विचारले नाही की नोबेलबद्दल नाही. त्या पोरीला मुले किती झाली, एवढे विचारले. तीन, म्हटले. आजीने दोरा ओवला, चार टाके घातले, आणि ते लेखात नीट लिहिले आहेस ना, असे पुन्हा एकदा विचारून घेतले.