विश्लेषण : पापांची कबुली ऐकण्यातच आयुष्य वेचणारे संत व्हियानी कोण होते?

कॅथलिक ख्रिस्तसभेत ४ ऑगस्ट हा संत जॉन मेरी व्हियानी यांचा स्मरणदिन. लॅटिन जमत नाही म्हणून ज्यांचे धर्मगुरू होणेच अडले होते, त्यांच्यापुढे पापे कबूल करण्यासाठी पुढे हजारोंच्या रांगा लागल्या.

प्रायश्चित्त संस्कार म्हणजे काय?

कॅथलिक परंपरेत सात संस्कार आहेत. त्यांपैकी एक प्रायश्चित्त संस्कार, गोव्यातील कोंकणीत कुमसार. श्रद्धाळू व्यक्ती पश्चात्तापाने धर्मगुरूपुढे पापे सांगते. धर्मगुरू देवाच्या नावाने क्षमा घोषित करतो आणि काही प्रार्थना किंवा सत्कृत्य प्रायश्चित्त म्हणून देतो. पश्चात्ताप नसेल किंवा पाप सोडण्याचा निश्चय नसेल, तर नुसत्या कबुलीला अर्थ उरत नाही. ऐकलेले काहीही, कधीही बाहेर सांगायचे नाही, हे बंधन धर्मगुरूवर असते.

पहिली कबुली लपून का?

व्हियानींचा जन्म ८ मे १७८६ रोजी फ्रान्समधील लिऑन शहराजवळच्या शेतकरी कुटुंबात झाला. ते लहान असतानाच राज्यक्रांती झाली. नव्या राजवटीची शपथ न घेणाऱ्या धर्मगुरूंना लपून राहावे लागले. अशाच एका धर्मगुरूपुढे व्हियानींनी घरातच पहिली कबुली दिली. १७९९ मध्ये पहिला परमप्रसाद मिळाला तोही एका घरात, खिडक्या बंद करून. बाहेरून प्रकाश दिसू नये म्हणून खिडक्यांपुढे गवताच्या गाड्या उभ्या केल्या होत्या. संस्कारासाठी माणसे जीव धोक्यात घालतात, हे त्यांनी बालपणीच पाहिले.

धर्मगुरू होणे का अडले?

शिक्षण उशिरा सुरू झाले. त्यातच १८०९ मध्ये नेपोलियनच्या सैन्यात भरतीचा हुकूम आला. आजारपणामुळे ते तुकडीच्या मागे पडले आणि अखेर फरारी म्हणून एका डोंगराळ गावात लपून राहिले. १८१० च्या माफीनंतर घरी परतता आले. पुढे लॅटिनने छळले. गुरू फादर बाले पाठीशी उभे राहिले म्हणून १३ ऑगस्ट १८१५ रोजी ग्रनोब्ल येथे त्यांना दीक्षा मिळाली. मात्र कबुली ऐकण्याची परवानगी लगेच मिळाली नाही. ती काही महिन्यांनी आली, तेव्हा त्यांच्यापुढे पहिली कबुली दिली ती खुद्द बाले यांनी.

आर्समध्ये काय घडले?

१८१८ मध्ये त्यांना आर्स या सुमारे २३० वस्तीच्या खेड्यात पाठवण्यात आले. सुरुवातीला ते फार कडक होते. दारूचे गुत्ते आणि नाचगाणे यांवर त्यांचा रोष होता. नाच न सोडणाऱ्यांना ते क्षमाही लांबणीवर टाकत. पुढे माणसांची दुःखे ऐकता ऐकता आणि अधिक मवाळ धर्मशास्त्राच्या प्रभावाने ही धार कमी झाली.

त्यांची कीर्ती पसरली. १८५५ च्या सुमारास वर्षाला जवळपास २० हजार यात्रेकरू येत, असे चरित्रकार नोंदवतात. अखेरच्या वर्षांत ते दिवसाचे १६ ते १८ तास कबुलीच्या कक्षात बसत. लिऑनच्या रेल्वे स्थानकावर आर्ससाठी आठ दिवस चालणारे परतीचे तिकीट मिळे, कारण नंबर लागायलाच अनेक दिवस जात.

मग क्षमा स्वस्त झाली का?

हा आक्षेप तेव्हाही होता. व्हियानी हलके प्रायश्चित्त देत आणि उरलेला भार उपवास व जागरण करून स्वतः उचलत. क्षमेची किंमत कोणीतरी मोजायलाच हवी, ही त्यांची धारणा होती.

इतरांना धीर देणाऱ्या या माणसाला स्वतःच्या पात्रतेबद्दल मात्र कायम शंका होती. एकांतात आपल्याच पापांसाठी रडता यावे म्हणून ते गाव सोडून निघाले, १८४३ मध्ये आणि पुन्हा १८५३ मध्येही. दोन्ही वेळा त्यांना परतावे लागले, कारण लोक वाट पाहत होते.

४ ऑगस्ट १८५९ रोजी आर्समध्येच त्यांचे निधन झाले. १९२५ मध्ये त्यांना संतपद मिळाले आणि १९२९ मध्ये जगभरातील धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे ते आश्रयदाते संत ठरले. चार दशकांत ऐकलेली असंख्य गुपिते त्यांच्याबरोबरच गेली.