२७ जानेवारीचा विस्मृत मानकरी

भारतीय सुगम संगीताच्या इतिहासात तारखेसह लक्षात राहिलेले दिवस फार थोडे आहेत. २७ जानेवारी १९६३ हा त्यांपैकी एक. दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर या दिवशी लता मंगेशकर यांनी ‘ऐ मेरे वतन के लोगो’ हे गीत प्रथमच गायिले. गायिका कोण हे सर्वांना ठाऊक आहे, गीतकार कवी प्रदीप हेही बहुतेकांना ठाऊक आहे आणि पंतप्रधान पंडित नेहरूंचे डोळे पाणावल्याची हकिकत तर दंतकथेसारखी सांगितली जाते. संगीतकाराचे नाव मात्र अनेकांना क्षणभर थांबून आठवावे लागते. ते नाव रामचंद्र नरहर चितळकर, अर्थात सी. रामचंद्र.

त्यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील, गोदाकाठच्या पुणतांबे या गावी झाला. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुण्यात गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे त्यांनी शास्त्रीय संगीताचे शिक्षण घेतले. चित्रपटसृष्टीत मात्र ते आले ते नट होण्यासाठी. वाय. व्ही. राव यांच्या ‘नागानंद’मध्ये त्यांना प्रमुख भूमिका मिळाली, पण नट म्हणून त्यांचा जम बसला नाही. पुढे सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये किरकोळ भूमिका करीत असताना ते तेथील संगीतकारांना पेटीची साथ करू लागले. त्या पेटीनेच त्यांचे आयुष्य बदलले. आरंभी काही तमिळ चित्रपटांना संगीत दिल्यावर १९४२ साली भगवान पालव, म्हणजेच मास्टर भगवान, यांच्या ‘सुखी जीवन’ने त्यांना हिंदीत संगीतकार म्हणून उभे केले.

भगवानदादांची ही मैत्री दोघांनाही फळली. १९५१ चा ‘अलबेला’ हा तिचा कळस. या चित्रपटातील गाण्यांवर चित्रपटगृहांत प्रेक्षक नाचले. पडद्यावर ठेका धरणाऱ्या भगवानदादांना आवाज होता तो खुद्द संगीतकाराचा. गायक म्हणून ते केवळ ‘चितळकर’ एवढेच नाव लावीत. त्यामुळे हा नवा गायक कोण, असा प्रश्न पडणारे श्रोतेही त्या काळी होते. त्याच ‘अलबेला’त लताबाईंच्या आवाजातील एक अतिशय हळुवार अंगाईही आहे. एकाच चित्रपटात धमाल आणि अंगाई ही दोन टोके लीलया सांभाळणे, हीच अण्णांची खासियत होती.

पाश्चात्त्य वाद्यमेळाला हिंदी चित्रगीतात रुजविण्याचे श्रेय ज्या मोजक्या संगीतकारांना जाते, त्यांत सी. रामचंद्र अग्रभागी आहेत. ‘शहनाई’ (१९४७), ‘पतंगा’ (१९४९) आणि ‘समाधी’ (१९५०) या चित्रपटांतील त्यांच्या खट्याळ गाण्यांनी तेव्हाच्या अभिरुचीच्या रक्षकांना अस्वस्थ केले. सामान्य श्रोत्याने मात्र ती डोक्यावर घेतली. या प्रयोगांत त्यांच्या पाठीशी गोव्याचे वादक होते. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, हे त्यांचे महत्त्वाचे सहकारी. ‘अलबेला’च्या पडद्यावर ते आपल्या बँडसह झळकलेही. १९५७ च्या ‘आशा’मधील ‘ईना मीना डीका’ या गाण्याची कथाही गोव्याशी जोडलेली आहे. बाहेर खेळणाऱ्या मुलांच्या बडबडगीतावरून अण्णांना ती कल्पना सुचली आणि त्यांचे गोमंतकीय सहायक जॉन गोम्स यांनी तिला कोकणी शब्दांची जोड दिली, असे सांगितले जाते. अर्थ नसलेल्या त्या शब्दांवर देशातल्या कित्येक पिढ्या नाचल्या.

या धांगडधिंग्यामुळे अण्णांच्या दुसऱ्या बाजूकडे दुर्लक्ष होण्याचा धोका असतो. १९५३ च्या ‘अनारकली’ने तो दूर केला. लताबाई आणि हेमंतकुमार यांच्या आवाजातील त्या चित्रपटाच्या चाली आजही चित्रसंगीतातील मेलडीचा मानदंड मानल्या जातात. १९५५ च्या ‘आझाद’साठी निर्मात्यांना फार थोड्या दिवसांत संगीत हवे होते. नौशाद यांनी त्या घाईला नकार दिल्यावर अण्णांनी ते काम अंगावर घेतले आणि नावाजण्याजोगे करून दाखविले. चाल सुचण्याचा वेग आणि ती साधी ठेवण्याचा संयम हे दोन्ही गुण एकत्र सहसा आढळत नाहीत. त्यांच्यापाशी ते होते.

त्यांच्या सर्वोत्तम रचनांचा मोठा भाग लताबाईंच्या आवाजात आहे. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस मात्र या दोघांत दुरावा आला. त्याची कारणे अनेकांनी अनेक प्रकारे सांगितली. परिणाम मात्र स्पष्ट दिसतो. १९५९ च्या व्ही. शांताराम यांच्या ‘नवरंग’मध्ये आशा भोसले आणि महेंद्र कपूर यांच्या साह्याने अण्णांनी यश मिळविले खरे, पण त्यानंतर त्यांच्याकडील चित्रपटांचा ओघ आटत गेला. चित्रसंगीताचे सिंहासन आता इतरांचे होते.

अशा उतरत्या काळात १९६२ चे चीनयुद्ध झाले. पराभवाने देश सुन्न झाला होता. जवानांच्या साहाय्यार्थ चित्रपटसृष्टीने प्रजासत्ताक दिनाला जोडून दिल्लीत कार्यक्रम योजला आणि त्यासाठी नव्या गीताचे काम प्रदीप आणि सी. रामचंद्र यांच्याकडे आले. ‘नास्तिक’ (१९५४) आणि ‘पैगाम’ (१९५९) या चित्रपटांत दोघांनी एकत्र काम केले होते. आरंभी हे गीत लता आणि आशा या दोघी भगिनी गाणार होत्या, असे सांगतात; अखेर ते एकट्या लताबाईंकडे आले. तालमीला पुरेसा वेळ नव्हता. चालीची ध्वनिफीत ऐकतच लताबाईंनी दिल्ली गाठली.

अण्णांनी या गीताला दिलेली चाल त्यांच्या स्वभावाच्या दोन्ही टोकांहून निराळी आहे. तिच्यात करामत नाही, तान नाही, वाद्यांचा डामडौल नाही. सुरुवात तालाविना, एखाद्याने जमावाला उद्देशून शांतपणे बोलावे तशी होते. मग संथ लय सुरू होते आणि अखेरीस समूहस्वर मिसळतो. युद्धगीत असूनही त्यात आवेश नाही, आहे तो शोक. पराभूत देशाला त्या क्षणी रणगर्जना नको होती, रडण्याची मुभा हवी होती. ती या चालीने दिली. राष्ट्रपती राधाकृष्णन आणि पंतप्रधान नेहरू यांच्यासमोर हे गीत सादर झाले. प्रदीप मात्र त्या समारंभाला हजर नव्हते.

त्या दिवसाने गीत अमर केले, संगीतकाराचे दिवस मात्र पालटले नाहीत. अण्णा मराठीकडे वळले. ‘धनंजय’ (१९६६) आणि ‘घरकुल’ (१९७०) या चित्रपटांची निर्मिती, संगीत आणि त्यांतील अभिनय अशी तिहेरी जबाबदारी त्यांनी पेलली. ‘घरकुल’ची गाणी मराठी घरांत आजही गुणगुणली जातात. ग. दि. माडगूळकर यांच्या ‘गीतगोपाल’लाही त्यांनी स्वरसाज चढविला. १९७७ साली ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. चौसष्टाव्या वाढदिवसाला तेव्हा अवघा आठवडा उरला होता.

गीताचा प्रवास पुढे चालूच राहिला. प्रदीप यांनी त्याचे मानधन युद्धातील वीरपत्नींच्या निधीला देऊ केले होते. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिमुद्रिका कंपनीला त्यापोटी दहा लाख रुपये भरण्याचा आदेश दिला. २०२२ पासून दिल्लीतील बीटिंग रिट्रीट सोहळ्यात लष्करी बँडनेही ही धून वाजविली. तेथे शब्द नसतात, गायिकेचा स्वर नसतो. उरते ती फक्त चाल. आणि ती पुणतांब्याच्या चितळकरांची असते.