संत गोन्सालो गार्सिया : स्वतःच्या बळाकडून देवाच्या हाती

कसारा मार्गावरील खडवलीला उतरून भातसा नदीच्या काठी उभे राहिले की आम्हांला वसईची आठवण होते. हेच पाणी पुढे उल्हास नदीला मिळते आणि वसईच्या खाडीवाटे सागरात जाते. त्या खाडीच्या मुखाशी असलेल्या वसईत सोळाव्या शतकाच्या मध्यास गोन्सालो गार्सिया जन्मले. भारतभूमीत जन्मून संतपदाला पोहोचलेले ते पहिले ख्रिस्ती. त्यांचे रक्तसाक्ष्य आपणां सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्यापूर्वी त्यांनी केलेल्या एका मोठ्या त्यागाकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

गोन्सालो यांचे वडील पोर्तुगीज सैनिक, तर आई याच मातीतली. वसईतील येशूसंघीय धर्मगुरूंपाशी त्यांचे शिक्षण झाले आणि किशोरवयातच ते त्यांच्यासोबत जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली. सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून त्यांनी मनोभावे सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळावा, ही त्यांची उत्कट इच्छा होती. पण ती पूर्ण झाली नाही.

निराश झालेल्या गोन्सालोंनी व्यापाराचा मार्ग धरला. भाषा येत होती, माणसे जोडण्याची हातोटी होती, कष्टांची तयारी होती. पूर्वेकडील बंदरांत त्यांचा जम बसला आणि धनही मिळाले. जे मिळवले ते स्वकष्टाने. कोणाचे उपकार नव्हते. जगाच्या दृष्टीने हे जीवन यशस्वीच होते. तरीही अंतःकरणातील हाक शमली नाही. अखेर ते मनिला येथे गेले, व्यापार सोडला आणि फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू झाले. ज्याने स्वतःच्या बळावर संसारातले सारे काही उभे केले, त्याने भिक्षेवर जगण्याचे व्रत घेतले!

प्रिय भाविकांनो, येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. देवाने गोन्सालोंचे कौशल्य टाकून दिले नाही. १५९३ साली मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना जपानचे सत्ताधीश हिदेयोशी यांच्याकडे दूत म्हणून पाठविले, तेव्हा दुभाषी म्हणून गोन्सालोच त्यांच्यासोबत गेले. ज्या भाषेच्या जोरावर त्यांनी व्यापार केला होता, तीच भाषा आता सुवार्तेच्या कामी आली. क्योतो येथे फ्रान्सिस्कन बंधूंनी कुष्ठरोग्यांची सेवा केली. त्या कार्यातही ते सहभागी होते.

१५९६ साली सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर अडकले. त्या प्रकरणातून हिदेयोशींचा रोष भडकला आणि मिशनऱ्यांना अटक झाली. क्योतोमध्ये बंदिवानांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला. भर हिवाळ्यात, सुमारे महिनाभर, त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढविण्यात आले. त्यांत ६ फ्रान्सिस्कन, ३ येशूसंघीय आणि १७ जपानी प्रापंचिक होते. ज्या संघाचे दार गोन्सालोंसाठी उघडले नव्हते, त्याच संघाच्या सदस्यांसमवेत त्यांनी प्रभूसाठी प्राण अर्पण केला. १६२७ साली त्यांना धन्यवादित, तर ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संत घोषित केले.

कल्याणपासून खडवलीपर्यंत आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी मोठ्या कष्टाने घर उभे केले आहे. पहाटेची लोकल, घराचे हप्ते, मुलांचे शिक्षण : सारे आपल्याच खांद्यावर आहे, असे आपल्याला वाटते. कष्ट करणे हा दोष नव्हे. गोन्सालोही कष्टाळूच होते. मात्र आपल्या कष्टांचे धनी आपणच, ही भावना बळावली की प्रार्थना केवळ अडचणीच्या दिवसांपुरती उरते. नोकरी जाते, आजार येतो, मनात धरलेले दार बंद होते, तेव्हा आपण पुरते खचतो. कारण आपला आधार आपणच असतो.

आम्हां धर्मगुरूंनाही हा मोह चुकलेला नाही. धर्मग्रामाचे काम आमच्याच धावपळीवर चालते, असे आम्हांलाही कधी कधी वाटते. तेव्हा वसईचा हा व्यापारी आम्हांला आठवतो. देवापाशी जाताना त्याने आपले गुण मागे ठेवले नाहीत. त्यांवरचा आपला हक्क तेवढा सोडला.

आपणही आज रात्री झोपण्यापूर्वी, दिवसभर वाहिलेली एक तरी चिंता नाव घेऊन प्रभूच्या हाती सोपवू या. संत गोन्सालो गार्सिया आपणांसाठी विनंती करोत.