वडिलांना इंजिनिअर हवा होता

मैत्रिणींनो, बारावीतल्या माझ्या लेकीला पुढे फिजिक्स शिकायचंय, तिचे बाबा इंजिनिअरिंगवर अडून बसलेत. घरात रोज धुसफूस. तेव्हा मला होमी भाभा आठवले. त्यांच्याही घरी हेच घडलं होतं.

३० ऑक्टोबर १९०९ला मुंबईच्या सुखवस्तू पारशी घरात त्यांचा जन्म झाला. बाळ म्हणे झोपायचंच कमी, आई मेहेरबाईंना केवढा घोर! १९२७ला केंब्रिजला धाडलं ते मेकॅनिकल इंजिनिअर व्हायला. शिकून टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात यायचं, असं वडील आणि आत्याचे यजमान दोराबजी टाटा यांनी ठरवलेलं. मुलाचा जीव मात्र फिजिक्समध्ये. तसं त्याने घरी कळवलंसुद्धा. वडिलांनी सौदा केला, आधी इंजिनिअरिंगला फर्स्ट क्लास आण, मग हवं ते शीक, खर्च माझा. १९३०ला फर्स्ट क्लास आला नि वडिलांनी शब्द पाळला. मला तर या गोष्टीत वडीलच जास्त आवडतात.

केंब्रिजला तेव्हा पॉल डिरॅक शिकवायचे. ऋण विजेच्या इलेक्ट्रॉनला धन विजेचं जुळं भावंड असणार, असं त्यांनी १९३१ला गणितावरून मांडलं. पुढच्याच वर्षी ते सापडलं, त्याचं नाव पॉझिट्रॉन. त्याच लेखात एकाच टोकाचं चुंबक असू शकतं, असंही त्यांनी लिहिलं होतं. आपण चुंबक कितीही तोडलं तरी दर तुकड्याला दोन टोकं असतातच की! ते एकटं टोक अजून कुणाला सापडलेलं नाही.

इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, याचं गणित भाभांनी केलं. त्याला आजही भाभा स्कॅटरिंग म्हणतात. १९३७ला हाइटलर या शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी आकाशातून येणाऱ्या किरणांचं कोडं उलगडलं. आमच्या दाभोशाचा धबधबा पावसाळ्यात बघा, वरून आलेली धार कातळावर आपटते नि तिचे हजारो तुषार होतात. तसंच वेगवान इलेक्ट्रॉन हवेत घुसला की प्रकाशकिरण निघतो, त्यातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते, त्यांच्यापासून पुन्हा किरण, पुन्हा जोड्या. ऋणाबरोबर धन येणारच, हिशेब चुकत नाही.

१९३९ला सुट्टीवर आले, महायुद्ध पेटलं नि इथेच राहिले. १९४५ला टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली. तिथे १९४९ला बिभा चौधुरी या संशोधिकेला घेतलं, हे आपण बायकांनी लक्षात ठेवायला हवं. पुढे तुर्भ्याला अणुभट्टी झाली, १९५६ची अप्सरा. लग्न केलं नाही. चित्रं काढायची, संगीत ऐकायचं, कामात बुडायचं.

२४ जानेवारी १९६६ला व्हिएन्नाला जाताना त्यांचं विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलं. वय अवघं छप्पन्न. आमच्याच पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला १९६९ला अणुवीज सुरू झाली, ती काही त्यांना दिसली नाही.

काल रात्री हे सगळं लेकीच्या बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आधी टक्के किती पडतात ते बघू.